'वेड्याची गोळी' म्हणून फेकू नका



विहारात वंदना आटोपली की एखादी ताई मान, खांदे, कंबर चोळत बसलेली आम्ही नेहमी पाहतो. सारे अंग ठणकते, झोपून उठले तरी थकवा जात नाही. रक्त, एक्स-रे निर्दोष. मग घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा! या आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात. दुखणे खरेच असते. सांधे सुजलेले नसतात, पण मज्जासंस्था वेदना वाढवून सांगते.

म्हणूनच मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकचा गुण येत नाही. ती सुजेवरची गोळी. रोज खाल्ली तर पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला धोका. मजुरीचे पैसे जातात ते निराळेच.

डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलिन देतात, रात्री, १० मिलिग्रॅमपासून. काहींना ड्युलोक्सेटिन किंवा प्रिगॅबालिन. सर्वांना लागू पडत नाही, दुखणे पुरते जातही नाही. पण झोप लागते, ठणका उतरतो. अमिट्रिप्टिलिन मूळचे उदासीनतेवरचे. कोणी 'वेड्याची गोळी' म्हटले की आमच्या बाया ती मोरीत टाकतात! गुंगी, तोंडाला कोरड पडली तर डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने गोळी सुरू वा बंद करू नये. काचबिंदू, हृदयविकार, गरोदरपण असेल तर आधीच सांगावे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, जन औषधी केंद्रात स्वस्त पडते.

रोज थोडे चालावे. धुणीभांडी म्हणजे व्यायाम नव्हे, हे घरच्यांनाही कळू द्या.

आणि तपासणीला नवऱ्याला सोबत न्या. बायकोचे न पटलेले डॉक्टरांच्या तोंडून पटते, असे आम्ही पाहिले आहे.