वाढप्यांची शिस्त

मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने संगणकाबद्दल लिहावे, याचे काही जणांना नवल वाटेल. पण मला येथे यंत्राविषयी नव्हे, तर भाषेविषयीच लिहावयाचे आहे. जगभरचे स्वयंसेवक एक पैसाही न घेता नाना प्रकारची सॉफ्टवेअर तयार करतात आणि ती कशी वापरावीत हे सांगणारी पानेही स्वयंसेवकच लिहितात. ही पाने कोणत्या शब्दांत व कोणत्या साच्यात लिहावीत, याचे नियम ठरलेले असतात. हे नियम म्हणजे हौशी लेखकाच्या पायांतील बेडीच, असे माझे परवापरवापर्यंत ठाम मत होते. ते का बदलले, ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशाच एका सॉफ्टवेअरविषयी मराठीत एक पान लिहिले. एकच शब्द पुन्हापुन्हा वापरू नये, हा शाळेतला धडा माझ्या मनावर पक्का बिंबलेला. म्हणून पहिल्या ओळीत 'फाइल', दुसरीत 'धारिका' आणि तिसरीत 'दस्तऐवज' असे लिहून मी स्वतःवरच खूश झालो.

आमच्या गावच्या वाचनालयातल्या काकांनी ते पान समोर ठेवून पुस्तकांची यादी संगणकावर चढवायला घेतली. 'धारिका' पडद्यावर कुठे दिसते, हे शोधण्यातच त्यांचा अर्धा तास गेला. पुढे मी लिहिले होते, 'चौकटीत फाइलचे नाव लिहा आणि जतन करा. काही विचारल्यास होय म्हणा.' काकांनी चौकटीत अक्षरशः 'फाइलचे नाव' असेच लिहिले. दुसऱ्या कपाटाची यादी झाल्यावर तिलाही तेच नाव दिले. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असे संगणकाने विचारले. माझ्या सांगण्यावरून काका 'होय' म्हणाले. चार कपाटांच्या याद्या झाल्या आणि उरली ती फक्त चौथ्या कपाटाची.

मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल रे. आम्हांला कुठं एवढं कळतंय!"

हे वाक्य मला अजून बोचते. चूक त्यांची नव्हती, माझ्या पानाची होती. वाईट पानाचा सर्वांत मोठा अपराध हाच, की वाचणाऱ्याला ते स्वतःलाच अडाणी समजायला लावते.

त्यानंतर मी इतरांनी केलेले नियम नीट वाचले. युनिक्स या प्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात प्रत्येक आज्ञेचे पान ठराविक मथळ्यांनी लिहिलेले होते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटाकडे चक्क 'दोष'! लिनक्सची पाने लिहिणारे स्वयंसेवक आजही बव्हंशी तोच क्रम पाळतात. जे जसेच्या तसे टंकायचे ते ठळक अक्षरांत आणि जिथे आपला मजकूर घालायचा ते तिरप्या अक्षरांत, असाही त्यांचा दंडक आहे. तेवढा एक दंडक मी पाळला असता, तर काकांच्या तीन याद्या वाचल्या असत्या.

अर्थात परके नियम जसेच्या तसे उचलूनही भागत नाही. तिरपे अक्षर ही देवनागरीची मूळ रीत नव्हे. आपल्याकडे 'कपाट-१' असे नमुन्याचे नाव देऊन 'येथे तुमचे नाव घाला' असे सांगणेच बरे. दुसरे उदाहरण पाहा. १९८३ साली घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पाच्या नियमांत म्हटले आहे, की चुकीच्या नोंदीला 'इल्लीगल' म्हणू नये, 'इनव्हॅलिड' म्हणावे. पहिला शब्द कायद्याने बंदी असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. आपण मात्र दोहोंसाठी 'अवैध' वापरून मोकळे होतो. वर्तमानपत्रात अवैध दारू, अवैध वाळूउपसा. आणि पडद्यावर, बोट घसरून पिनकोडचा एक आकडा चुकलेल्या आजोबांची नोंदही अवैध! येथे साधे 'चुकीचा' का म्हणू नये?

कोणी म्हणतील, माणूस फुकट राबतो, त्यावर आणखी नियम कशाला? आक्षेप अगदीच खोटा नाही. नियमांचे बाड हाती ठेवले, तर नवखा माणूस उंबऱ्यावरूनच परत जाईल. त्याने आधी लिहावे, जाणत्यांनी मागाहून सावरावे. नियम थोडे असावेत आणि प्रत्येकाचे कारण शेजारी लिहिलेले असावे. पण नियमच नकोत, हे मला पटत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी हौसेनेच कंबर कसतात. पंक्तीगणिक वाढपी बदलतात. तरी मीठ मध्यावर, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडेच पडते. म्हणूनच जेवणाराला ताटात काही शोधावे लागत नाही. तिथे कोणी 'माझी शैली' म्हणून भाजीच्या जागी मीठ वाढत नाही.

साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४ यांवर आपण वर्गात तावातावाने भांडतो. ते भांडण जरूर चालू द्यावे. पण एका वस्तूला सर्वत्र एकच शब्द कोणता, वाचकाला 'निवडा' म्हणावे की 'निवडावे', हे प्रश्नही भाषेचेच आहेत आणि ते सोडवायला कला शाखेचा विद्यार्थी हवा आहे. आपल्या प्राध्यापकांनी निबंधाबरोबर असे एखादे पान लिहायला दिले, तर तो अभ्यास वाया जाणार नाही.

मी माझे पान पुन्हा लिहिले. त्यात 'फाइल' हा शब्द अकरा वेळा आला आहे. शाळेतल्या बाईंनी त्याखाली लाल रेघा ओढल्या असत्या. काकांनी मात्र राहिलेली तीन कपाटे पुन्हा चढवली आणि मला एकदाही बोलावले नाही.