ब्रेकफास्ट : तोडलेला की सोडलेला?

सहावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर ‘ब्रेकफास्ट’ लिहिलं आणि मधोमध रेघ मारली. ‘ब्रेक’ म्हणजे तोडणे, ‘फास्ट’ म्हणजे रोजा, उपवास. लगेच एक मुलगा उठला, ‘‘सर, रोजा तोडणं तर गुनाह आहे!’’

वर्ग हसला, पण मुलगा चुकला नव्हता. आपण रोजा ‘सोडतो’. वेळेआधी मोडला तर तो ‘तोडला’. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद. रात्रभर रिकामं राहिलेलं पोट हा एक छोटा उपवास. तो संपवणारं खाणं म्हणजे ब्रेकफास्ट. हा जोडशब्द इंग्रजी लिखाणात १५व्या शतकापासून आढळतो.

‘फास्ट’चा मूळ अर्थ घट्ट, पक्का. कापडाचा रंग ‘फास्ट’ आहे म्हणतो, तो हाच. स्वतःला घट्ट धरून ठेवायचं, तो उपवास. अरबी ‘सौम’चा मूळ अर्थही स्वतःला रोखणं असाच आहे.

अरबीत नाश्त्याला ‘फुतूर’ म्हणतात. इफ्तार आणि ईदुल-फित्र हे त्याच धातूतले शब्द. फ्रेंचमधला ‘देज्युने’ म्हणजेही उपवास सोडणे. इंग्रजी ‘डिनर’ त्याच लॅटिन मुळातून आला. म्हणजे जन्माने डिनरही नाश्ताच!

आणि आपला ‘नाश्ता’? तो फारसीतून आला. तिथला जुना अर्थ आहे, सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशीपोटी. उपाशीपणाचं नाव पुढे खाण्याला मिळालं.

तास संपताना आम्ही सहज विचारलं, ‘‘आज नाश्ता करून कोण आलं?’’ बरेच हात वर गेले. मागच्या बाकांवरचे सात-आठ हात खालीच राहिले. कुणी फजरनंतर मकतबला जाऊन तिथूनच थेट शाळेत आलेलं, कुणाची अम्मी पहाटेच कामावर गेलेली. ‘‘चहा घेतला, सर,’’ एक मुलगी हळूच म्हणाली.

पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना आम्ही आजवर आळशी समजत होतो. रोज्याला नियत असते, सहरी असते, इफ्तारची वेळ ठरलेली असते. या मुलांच्या भुकेला यातलं काहीच नाही.

पालकांनो, थाटाचा नाश्ता नको. रात्रीची चपाती चहासोबत द्या. तेवढाही वेळ नसेल तर दप्तरात दोन खजूर ठेवा. आम्हीही आता हजेरी घेण्याआधी मुलांना विचारतो, ‘‘खाऊन आलात ना?’’