आधी कुणाची लाईट?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, म्हसळ्यापासून पार दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब माड-पोफळींबरोबर आडवे झाले. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. अशा वेळी कोकणात हमखास ऐकू येतं: ‘पलीकडच्या वाडीत लाईट आली, आमच्याकडे नाही, म्हणजे त्यांचा कोणीतरी वर बसलाय!’

वशिला कुठेच चालत नाही, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण वीज म्हणजे टँकर नव्हे, की जो आधी ओरडला त्याच्या दारात नेऊन उभी करावी. आधी उपकेंद्राला येणारी ३३ केव्हीची लाईन, मग उपकेंद्र, मग ११ केव्हीचा फीडर, गावची डीपी, लघुदाबाच्या तारा, आणि शेवटी घराची सर्व्हिस वायर. मध्ये कुठेही तुटलं की पुढचं सगळं ठप्प. रस्त्याच्या दोन बाजू दोन फीडरवर असतील, तर एकीकडे पंखा फिरतो आणि दुसरीकडे मेणबत्ती जळते. त्यात कोणाचा वशिला नसतो.

खांब उभा करणंही वाटतं तितकं सोपं नाही. आधी तारांवरचं झाड तोडायचं, गाडी जात नाही तिथे खांब माणसांनी वाहून न्यायचा, जांभ्यात पहारीने खड्डा खणायचा. एवढं करून वायरमन वर चढला आणि खाली कोणी चेंजओव्हर न बसवताच घरचा जनरेटर सुरू केला, तर बंद समजलेल्या तारेत उलटी वीज येते आणि माणूस जिवानिशी जातो. त्याच वायरमनला लोक घेराव घालतात!

मात्र कार्यालयातून येणारे ‘इतके टक्के फीडर सुरू’ हे आकडेही मला पटत नाहीत. वाडीकडे जाणारी फीडरची शाखा तोडून ठेवली, तरी कागदावर फीडर सुरूच. शेवटच्या पाच-सात घरांसाठी दहा-बारा खांब लागणार, म्हणून त्यांचा नंबर शेवटी. हिशोब चोख आहे, पण दर वादळात त्याची किंमत त्याच घरांनी का मोजायची? आणि अंधार एक वेळ सोसवतो. नळपाणी योजनेचा पंप बंद पडला, की ऐन पावसात बायांना विहिरीवर हंडे घेऊन उभं राहावं लागतं.

म्हणून मोजायचेच तर पाणी आलेले नळ मोजा. पंपासाठी जनरेटर आणि डिझेल मे महिन्यातच तालुक्याला आणून ठेवा. दुरुस्तीची टोळी आज कुठे आहे, आपली डीपी कितवी, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा. अंदाज चुकला तर खोडून नवा लिहा. आणि गावच्या वायरमनची रिकामी जागा आधी भरा, कारण परजिल्ह्यातून आलेल्या टोळीला कोणत्या बागेतून कुठली लाईन गेली आहे, हे दाखवणारं दुसरं कोणी नसतं.