करवत कोणाच्या हाती द्यावी?

जून महिन्यात शाळा उघडते न उघडते तोच माळव्यात आंधी येते (आम्हा इंदूरकरांच्या मराठीत वादळाला आंधीच म्हणतात) आणि सर्वांत आधी गुलमोहर आडवा होतो. त्याची मुळे पसरतात पण खोल जात नाहीत, लाकूडही ठिसूळ. फाटक अडलेले असते, वर्ग भरवायचे असतात आणि नगर निगमची गाडी शहरभर फिरत असल्याने उशिरा पोहोचते. म्हणून शाळेने स्वतःची चेन सॉ विकत घ्यावी, शिपाई व दोन-चार उत्साही पालक मिळून काम उरकतील, अशी सूचना काही विश्वस्तांनी केली आहे. सूचना आपुलकीची आहे. तरीही आमचा तिला विरोध आहे आणि तो का, हे पालकांनाही कळावे.

उभ्या झाडापेक्षा पडलेले झाड कित्येकदा अधिक फसवे असते. खोड कुठे भिंतीवर टेकलेले, कुठे फांदीवर तोललेले. त्याची एक बाजू ताणलेली, दुसरी दाबलेली. दाबलेल्या बाजूने खोल कापले तर फट मिटून पाते अडकते, ताणलेल्या बाजूने एकदम कापले तर लाकूड धनुष्यासारखे सुटते. जाणकार आधी दाबलेल्या बाजूला थोडी खाच घेतो, मग ताणलेल्या बाजूने कापतो. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की ओझे कमी होऊन मुळांचा गड्डा मातीसह परत खड्ड्यात बसू शकतो. विद्यार्थी मित्रांनो, त्या खड्ड्यात उतरून खेळायचे नाही ते याचसाठी.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. म्हणून हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर झाकण, भक्कम बूट आणि खास पँट लागते. त्या पँटीतले लांब धागे साखळीत गुंतून तिला थांबवतात. मशीन खांद्याच्या वर उचलायचे नाही, शिडीवर चढून चालवायचे नाही, एकट्याने तर नाहीच. आमचे शिपाईकाका पायांत चप्पल घालून वावरतात. आणि काम सांगणारे विश्वस्त असले की "मला हे येत नाही" असे म्हणणे त्यांना जमणार नाही. आमची खरी काळजी ही आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी झोपवल्या, तेव्हा लोकांनी स्वतःच कोयते-करवती घेऊन वाटा मोकळ्या केल्या, याचा दाखला दिला जातो. आपल्यापैकी काहींची मूळ गावे तिकडचीच. पण तिथे इलाज नव्हता. आपण शहरात आहोत, एक दिवस सुटी देऊ शकतो. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर २००१ मध्ये आपत्तीसाठी वेगळे प्रशिक्षित दल उभे केले. मे २०२० मध्ये 'अम्फान'ने कोलकात्यात हजारो झाडे पाडली, तेव्हा तिथली पथके बंगालच्या मदतीला गेली, सेनाही बोलवावी लागली. जे काम अशा दलांना शिकून करावे लागते, ते आपण रविवारी सकाळी हौसेने करू, हे आम्हाला पटत नाही.

फांदी तारांना लागलेली असेल तर वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याचे कळवेपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये, मग कितीही उशीर होवो. कोवळे झाड कलंडले असेल व मुळे शाबूत असतील तर ते कापण्याची घाईच कशाला? सरळ करून, आधार देऊन ते पुष्कळदा जगते.

मशीनच्या पैशांत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून वाळक्या व झुकलेल्या फांद्या उतरवून घ्याव्यात. नगर निगमची परवानगी लागेल. तो अर्ज एप्रिलमध्येच देण्याची आमची तयारी आहे. छाटणीची रक्कम वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही मांडत आहोत. पालक प्रतिनिधींनी त्या दिवशी अवश्य यावे.