जुनी डिझायर घ्यावी की जुनी इटिऑस?

कारखान्याचं ऊसबिल खात्यावर पडलं की गावोगावी जुन्या चारचाकीची बोलणी सुरू होतात. बहुतेकांची नजर पहिल्यांदा जाते ती डिझेल स्विफ्ट डिझायरवर. गाडी चांगलीच आहे, वाद नाही. पण आपल्या रस्त्याला आणि आपल्या वापराला टोयोटाची इटिऑस डिझेल जास्त सोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिझायरचं इंजिन १२४८ सीसीचं, ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. इटिऑसचं १३६४ सीसीचं, पण ताकद ६८ च. कागदावर डिझायर सरस दिसते आणि हायवेवर तशी ती आहेही. ओव्हरटेकला झटकन सुटते, वळणावर घट्ट बसते. मात्र तिचा टर्बो २००० फेऱ्यांच्या आसपास जागा होतो. त्याखाली गाडी सुस्त. आंबा घाटात पाच माणसं घेऊन ट्रकच्या मागं रांगताना तिला सारखा गिअर उतरवावा लागतो. इटिऑस १८०० फेऱ्यांनाच ओढायला लागते, हळू चाललेल्या गाडीलाही दम असतो. पाणंदीच्या खड्ड्यातून तिची चाल मऊ. वेगात वळवली तर थोडी कलंडल्यासारखी वाटते आणि आत इंजिनाचा आवाज येतो, हे मात्र खरं. स्पीडोमीटर मधोमध का बसवला, ते कंपनीलाच ठाऊक!

डिकीचा फरक तर मोठाच. २०१२ साली करसवलतीसाठी डिझायर चार मीटरच्या आत आणली, तेव्हा डिकी ३१६ लिटरची झाली. इटिऑसची डिकी ५९५ लिटरची. बी-बियाणं, फवारणी पंप, लग्नाचा आहेर, सगळं आत मावतं. मागं पाय पसरायलाही जागा आहे.

डिझायरला गिऱ्हाईक लवकर मिळतं, विकताना भाव येतो. दोन-तीन वर्षांत गाडी बदलायची असेल, किंवा एकट्यानं हायवेनेच फिरायचं असेल, तर खुशाल डिझायर घ्या. दोन्ही डिझेल गाड्यांचं उत्पादन २०२० साली बंद झालं. म्हणजे बाजारात मिळेल ती गाडी चांगलीच वापरलेली असणार.

बैल घेताना आपण दात बघतो, औताला जुंपून चालवून बघतो. गाडी घेताना मात्र पॉलिशवर भाळतो! सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करून बघा, काळा किंवा निळा धूर येतो का ते पाहा. चार माणसं बसवून चढावर न्या. किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नका. सर्व्हिसची नोंद मागा. या दोन्ही गाड्या टॅक्सीत भरपूर चालल्या आहेत, म्हणून आरटीओच्या नोंदीत आधीचा वापर तपासा. खालच्या मॉडेलला एअरबॅग नसू शकतात, तेही विचारा. नोंदणीला पंधरा वर्षं पुरी होत आली असतील तर फेरनोंदणीचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या की लगेच आरटीओत जमा करा, आणि विमाही आपल्या नावावर करून घ्या.