डाळीचे दाणे नि इंग्रजी आकडे

गेल्या आठवड्यात आमची तिसरीतली धाकटी शाळेतून आली ती रडतच. ‘फोर्टी’च्या स्पेलिंगमध्ये तिने यू घातला होता. “फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे, मग फोर्टीनेच काय पाप केलं?” प्रश्न बिनतोड! मी अर्धवेळ का होईना शिक्षिका, पण उत्तर कुठे होतं माझ्याकडे?

मी तूरडाळ निवडत होते. म्हटलं, ये, खेळ खेळू. कुठलाही आकडा घे, त्याच्या इंग्रजी नावात जितकी अक्षरं तितके दाणे मांड. जितके दाणे, तो पुढचा आकडा. तिने २३ घेतला. ट्वेंटी थ्रीचे दाणे ११, इलेव्हनचे ६, सिक्सचे ३, थ्रीचे ५, फाइव्हचे ४. आणि फोरचे? पुन्हा ४! गाडी तिथेच अडली. मग १३ झाला, ७७ झाला, पण मुक्काम चारावरच. कारण साधं आहे. पाचापासून पुढे आकड्यापेक्षा त्याच्या नावातली अक्षरं नेहमी कमीच, म्हणून खाली उतरत यावंच लागतं. वन, टू, थ्री तेवढे आधी वर चढतात नि चारावर येतात.

शेवटी तिने फोर्टी घेतला. यू घालून सहा दाणे, न घालता पाच. दोन्ही वाटा चारावरच! बाई हसली एकदाची. मग मला सुचलं, ते तुम्हीही मुलांना सांगा. एफ, ओ, आर, टी, वाय ही अक्षरं एबीसीडीच्याच क्रमाने येतात. इंग्रजी आकड्यांत असा हा एकटाच. मध्ये यू घुसला की रांग मोडते.

वाती वळत बसलेल्या सासूबाई चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, “काहून वं, आपल्या मराठीत मोजून पाहय ना!” काना-मात्रा वेगळे न धरता मोजलं, तर एक ते दहा सगळे दोन-दोन अक्षरी! बी.ए. होऊनही हे मला कधी दिसलं नव्हतं. एकोणपन्नासची अक्षरं सहा, सहाची दोन, दोनची दोनच. खेळ खलास.

आपल्या संख्यानामांची अडचणही आहेच. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! जोडाक्षरी नावं मुलांना जड जातात, असं गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. तेव्हा मला पटलं नव्हतं. पण धाकटी फिफ्टी नाइन झटकन म्हणते नि एकोणसाठला अडते, तेव्हा थोडं पटतं. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दहा-दहाच्या सहा ढिगल्या मांडल्या नि त्यातला एक दाणा सासूबाईंनी उचलला. “आता सांग, किती?”

डाळ निवडायची मात्र राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी वरणात खडा निघाला, तो नेमका ह्यांच्याच दाताखाली.