राख फासलेले पाहुणे

गिलेर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा सिनेमा ७ नोव्हेंबर २०२५ला नेटफ्लिक्सवर आला. तेव्हा तेलंगणातल्या आदिलाबादेत गोंड आदिवासींचा दिवाळीतला दंडारी उत्सव नुकताच आटोपला होता. अंगभर राख, डोक्यावर मोरपिसांचा डोलारा असे गोंडांचे गुसाडी नर्तक गावात शिरले की लहान पोर आईमागे दडतं. पण पाहुणे म्हणून त्यांचं स्वागत होतं, जेवणही मिळतं. सिनेमा जिच्यावर बेतलाय त्या मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीतल्या भेसूर जिवाला मात्र जन्मदात्या फ्रँकेन्स्टाइननंच टाकलं, साधं नावही दिलं नाही. (लोक आजही त्याला बापाच्याच नावानं ओळखतात!) सिनेमात जेकब एलॉर्डीनं त्याचं हे पोरकेपण डोळ्यांतून दाखवलंय. शेवटी त्यानं बापाला दिलेली माफी मला जरा गोडच वाटली. शेलीबाई इतक्या मवाळ नव्हत्या.